बघणारा फोटोबाहेर

बारावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर कोणता फोटो असणार, हे निकालाच्या आधीच सांगता येतं. कॉलेजचं आवार, पाच-सहा मुली, सगळ्या एकदम उडी मारताना टिपलेल्या, केस हवेत, बोटांनी विजयाची खूण. वर मथळा : ‘मुलींचीच बाजी’. मी काही वर्षं एका दैनिकाच्या डेस्कवर काढली आहेत आणि हा फोटो कसा निघतो ते मला माहीत आहे. निकाल दुपारी एकला लागणार असला तर फोटोग्राफर साडेअकरालाच ठरलेल्या कॉलेजात पोचलेला असे. तो मुली गोळा करी आणि ‘एक, दोन, तीन’ म्हणे. उडी मारणाऱ्यांपैकी निम्म्या कित्येकदा बारावीला नसतच. एफवायच्या, एसवायच्या, सहज आवारात आलेल्या असत. कुणाला किती टक्के पडले हे विचारायचं राहून जाई, कारण फोटोओळीत त्याची गरज नव्हती.

यावर कुणी म्हणेल, मुलींचं उत्तीर्ण होण्याचं प्रमाण वर्षानुवर्षं मुलांपेक्षा जास्त आहे, मग फोटो त्यांचाच येणार. ठीक. मग पहिल्या पावसाचा फोटो घ्या : मरीन ड्राइव्हवर लाट अंगावर घेणाऱ्या मुली. पावसात तर कुणी कसली बाजी मारलेली नसते. गुढीपाडव्याला गिरगाव, ठाणे, डोंबिवलीच्या शोभायात्रा : नऊवारी, नथ, गॉगल, बुलेट. ऊन वाढलं की तोंडाला स्कार्फ बांधून स्कूटर चालवणारी. मतदानाला शाईचं बोट आणि त्यामागे हसरा तरुण चेहरा. नवरात्रात तर नऊ दिवस नऊ रंगांच्या साड्या नेसून वाचक भगिनी स्वतःच फोटो पाठवत आणि आम्हाला जागा पुरत नसे. ऋतू, सण आणि लोकशाही, यांतलं काहीही छापायचं असलं की वर्तमानपत्राला मुलगी लागते.

यातल्या एकाही फोटोत आक्षेपार्ह काही नाही. सगळे घरात मांडीवर पेपर पसरून बघण्याजोगे. आणि म्हणूनच मला वाटतं, बाईला वस्तू करण्याचा विषय काढायचा तर इथून काढावा, आयटम साँगपासून नव्हे.

कारण आपली समजूत अशी आहे की बाईला वस्तू करणं म्हणजे तिचे कपडे कमी करणं. संस्कृतिरक्षक आणि पुरोगामी दोघेही एकच मोजपट्टी हातात घेऊन बसतात. एक म्हणतो फारच आखूड झालं, दुसरा म्हणतो आखूड असलं तर बिघडलं कुठे. मार्था नसबॉम या अमेरिकी तत्त्वज्ञ बाईंनी १९९५ साली एका निबंधात, माणसाला वस्तूसारखं वागवलं जातं ते कशावरून ओळखावं, याची सात लक्षणं सांगितली. त्या सातांत कपडे नाहीत. आहे ते असं : त्या माणसाचा नुसता साधनासारखा वापर होणं, त्याला स्वतःची इच्छा आहे हे न मानणं, त्याला काय वाटतं हा प्रश्नच मनात न येणं, ते विकता-घेता येतं असं धरून चालणं. आणि एक लक्षण असं की त्याच्या जागी तसंच दुसरं आणून ठेवलं तरी काही बिघडत नाही. हे शेवटचं मला वाचताक्षणी पटलं. उडी मारणाऱ्या मुलींपैकी एक ऐन वेळी निघून गेली, तर फोटोग्राफर शेजारची ओढून आणत असे. फोटो तोच राहायचा.

हे मोजमाप घेऊन आपल्या घरातल्या भाषेकडे पाहिलं तर जरा अवघडल्यासारखं होतं. मुलगी ‘पाहायला’ जातात, ‘पसंत’ करतात, ‘देतात’, ‘उजवतात’. वय वाढलं तर कशीबशी ‘खपवतात’. ती ‘परक्याचं धन’ असते. हे सगळं साडीतल्या, खाली मान घालून पोह्यांच्या बश्या आणणाऱ्या मुलीबद्दल चाललेलं असतं. कट्ट्यावरची पोरं ‘माल’ म्हणतात, ‘आयटम’ म्हणतात, आणि त्यांना दम देणारे काका संध्याकाळी पुतण्यासाठी ‘गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष’ अशी जाहिरात लिहून देतात. काका आणि ती पोरं यांच्यात फरक सभ्यतेचा आहे. व्याकरण एकच आहे. २०२२ मध्ये मुंबईच्या विशेष पॉक्सो न्यायालयाने, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचे खटले चालवणाऱ्या न्यायालयाने, एका तरुणाला दीड वर्षाची शिक्षा सुनावली. त्याने रस्त्यात एका शाळकरी मुलीला ‘आयटम’ म्हणून हाक मारली होती आणि तिचे केस ओढले होते. मुलींना लैंगिक अर्थाने वस्तू ठरवण्यासाठीच हा शब्द वापरला जातो, असं न्यायालयाने म्हटलं. तिने काय घातलं होतं हा मुद्दा त्यात नव्हता. बोलणारा कोण आणि तो काय करत होता, इकडे न्यायालय बघत होतं. हे आपल्याकडे क्वचित घडतं.

एरवी काय घडतं याचा सगळ्यात मोठा धडा महाराष्ट्राने डान्सबारच्या निमित्ताने गिरवला, आणि मला वाटतं आपण त्यातून काही शिकलो नाही.

डान्सबारवर धाड पडल्याची बातमी आठवा. फोटोत ओळीने खाली बसलेल्या बायका असतात, ओढणीने किंवा केसांनी तोंडं झाकलेल्या. मथळ्यात ‘बारबाला’. (हा शब्द कुणी घडवला कोण जाणे. बाला म्हणजे लहान मुलगी; तिशी ओलांडलेल्या, दोन लेकरांच्या आईलाही आम्ही बालाच म्हणत आलो.) एकाच बातमीत त्यांची ‘सुटका’ही होते आणि त्यांना ‘ताब्यात’ही घेतलं जातं. म्हणजे त्या पीडित की आरोपी, हे बातमी लिहिणाऱ्यालाच ठरवता आलेलं नसतं. आणि ज्यांच्यासाठी हा सगळा डोलारा उभा होता ते? त्यांचा आकडा शेवटच्या ओळीत : ‘अकरा ग्राहकांवरही कारवाई करण्यात आली.’ त्यांचा फोटो नाही. असला तर पाठमोरा. आमच्या डेस्कवर यामागे काही तत्त्व वगैरे नव्हतं. ग्राहकाचा चेहरा छापला तर दुसऱ्या दिवशी वकिलाची नोटीस येईल, ही धास्ती होती. ओळीने बसलेल्या बायकांकडून नोटीस येण्याची भीती कुणाला वाटली नाही.

कायद्यानेही तेच केलं. २००५ साली गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी मुंबई पोलीस कायद्यात दोन कलमं घालून बारमधल्या नाचावर बंदी आणली. आर. आर. आबा हा सचोटीचा माणूस होता, आणि पगाराच्या दिवशी नवरा बारमध्ये पैसे उडवतो म्हणून रडणाऱ्या बायकांबद्दल त्यांना खरोखर कळवळा होता, असं मला अजूनही वाटतं. पण पहिल्या कलमाने बंदी घातली आणि दुसऱ्या कलमाने तीन तारांकित व त्यावरची हॉटेलं, क्लब, जिमखाने, नाट्यगृहं यांना सूट दिली. म्हणजे नाच तोच, बाईही कदाचित तीच. दारूचा पेला महाग असला की तिची अप्रतिष्ठा होत नाही. त्या वेळी मुंबई आणि परिसरात सुमारे ७५ हजार बायका या कामात असल्याचं सांगितलं जाई. त्यातल्या बऱ्याच पिढ्यानपिढ्या नाच-गाण्यावर जगणाऱ्या जमातींतल्या होत्या. एका रात्रीत त्यांचं काम गेलं. राज्याच्या म्हणण्याप्रमाणे हे त्यांच्याच भल्यासाठी होतं.

उच्च न्यायालयाने एप्रिल २००६ मध्ये ही बंदी रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये तो निकाल कायम ठेवला. त्या निकालातला एक मुद्दा जपून ठेवण्यासारखा आहे. न्यायालयाचं म्हणणं असं होतं की, एकाच प्रकारचा नाच सूट मिळालेल्या ठिकाणी सभ्य आणि बाकीच्या ठिकाणी भ्रष्ट करणारा कसा ठरतो, हे आम्हाला समजत नाही. प्रेक्षक कोणत्या वर्गातला आहे यावरून त्याची नीती ठरते असं आम्ही मानणार नाही. शिवाय रोगापेक्षा औषध भयंकर ठरलं, कारण काम गेलेल्या अनेक जणी शरीरविक्रीकडे ढकलल्या गेल्या. गंमत म्हणजे यावर राज्याने २०१४ मध्ये दुरुस्ती करून तारांकित हॉटेलांचीही सूट काढून घेतली. समतेचा हा एक अर्थ झाला.

मग २०१६ चा कायदा आला. विधिमंडळात एकमताने. त्याच्या लांबलचक नावात दोन गोष्टी एका दावणीला बांधल्या आहेत : अश्लील नृत्याला मनाई, आणि तिथे काम करणाऱ्या स्त्रियांच्या प्रतिष्ठेचं रक्षण. आता अश्लील नृत्य म्हणजे काय? कायद्याच्या व्याख्येचा गाभा असा की, प्रेक्षकाची कामवासना चाळवणं एवढाच ज्याचा हेतू आहे ते. पुन्हा वाचा. वासना त्याची. ती चाळवली का, हे तपासायचं त्याच्या मनात. पण गुन्ह्याचा पुरावा शोधायचा तिच्या कमरेत. सर्वोच्च न्यायालयाने १७ जानेवारी २०१९ ला या कायद्यातल्या आणि त्याखालच्या नियमांतल्या बऱ्याच अटी काढून टाकल्या. बारमध्ये सीसीटीव्ही लावण्याची सक्ती त्यातलीच एक. बायकांच्या प्रतिष्ठेच्या रक्षणासाठी त्यांचं रात्रभर चित्रण करायचं, ही कल्पना ज्या कुणाला सुचली त्याला बाई म्हणजे काय वाटत असेल, याचा मी अधूनमधून विचार करतो. त्याच निकालात नोटा उधळण्यावरची बंदी मात्र कायम राहिली. टीप द्यायला हरकत नाही. हा भेद मला मान्य आहे. वरून फेकलेली नोट आणि हातात दिलेली नोट यांची किंमत सारखी असते, पण फेकलेली उचलायला वाकावं लागतं.

दौलतजादा हा शब्द ज्यांनी ऐकला आहे त्यांना यात नवं काही वाटणार नाही. चौफुला, मोडनिंब, जामखेड इथल्या संगीतबाऱ्यांत आणि जत्रेतल्या तमाशाच्या फडावर पैसे येत, देणाऱ्याचं नाव पुकारलं जाई, आणि त्या नावासाठीच पैसे दिले जात. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या सरकारने तमाशावर अश्लीलतेच्या कारणाने बंदी आणली होती. मग ती उठली आणि वगाची संहिता तपासून घ्यायची अट आली. २००५ ची गोष्ट वाचताना ही आधीची गोष्ट आठवतेच. दोन्ही वेळी सरकारला नाचणारीचं काय होतंय याची काळजी होती, आणि दोन्ही वेळी तपासणी झाली ती तिची.

पण तमाशाची आठवण मी दुसऱ्या कारणासाठी काढतो आहे. लावणीत बाई बघितली जाते हे खरं. पण ती बघतेही. बैठकीच्या लावणीत तर ती एका जागी बसून, नुसत्या डोळ्यांनी, भुवईने, हाताच्या एका वळणाने समोरच्याला उत्तर देते. गौळणीत, सवाल-जवाबात ती बोलते, टोमणे मारते, गर्दीतल्या शहाण्याची फिरकी घेते. शब्द पुरुष शाहिरांनी लिहिलेले, इच्छाही बऱ्याचदा त्यांचीच. तरी गाताना ते शब्द तिचे होतात. हिला वस्तू म्हणायचं की नाही? मला वाटतं, फडावर तिला वस्तू करणं अवघड असतं. अवघड नसतं ते फडाच्या बाहेर. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी लावणीकडे जातीच्या अंगाने पाहायला शिकवलं, आणि एकदा तसं पाहिलं की मग दुसऱ्या तऱ्हेने पाहता येत नाही. कोल्हाटी, महार, मांग घरांतल्या बायकांनी नाचायचं आणि गावातल्या वरच्या आळीने बघायचं, ही वाटणी कुणाच्या पदराच्या लांबीने ठरलेली नव्हती. कुणाची बाई बघायची आणि कुणाची झाकायची, हे जन्माने ठरत होतं. पुढे तीच लावणी चित्रपटात गेली, तिथून वाहिन्यांच्या नृत्यस्पर्धांत गेली, तिथे परीक्षकांनी तिला ‘आपली संस्कृती’ म्हटलं आणि चांगल्या घरच्या मुली ती शिकू लागल्या. चांगलं झालं. जामखेडच्या कलाकेंद्रात नाचणारीला मात्र अजून घर भाड्याने मिळताना कटकट होते.

विठाबाई नारायणगावकरांची एक हकीकत महाराष्ट्रभर सांगितली जाते. दिवस भरलेले असताना त्या फडावर नाचत होत्या, कळा सुरू झाल्या, आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. आपण ही गोष्ट त्यांच्या कलानिष्ठेची म्हणून सांगतो. ती आहेही. पण गोष्टीचा पुढचा भाग असाही सांगतात की, मघाशी दिसणारं पोट आता दिसेना तेव्हा समोरच्या लोकांत कुजबुज झाली, काय घडलं ते कळलं, आणि त्या लोकांनीच हात जोडून खेळ थांबवायला सांगितला. तिकीट काढून आलेली, शिट्ट्या मारणारी, तीच माणसं. मला हा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. बघणं हेच मुळात पाप आहे, असं मानणाऱ्यांनी याचं काय करायचं? बघणाऱ्याला क्षणात समोरचं माणूस दिसू शकतं, त्यासाठी तिने डोक्यावर पदर घ्यावा लागत नाही. २००२ मध्ये विठाबाई हलाखीत गेल्या. चार वर्षांनी सरकारने त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू केला.

आता एका आक्षेपाकडे वळतो, कारण हा विषय निघाला की पाच मिनिटांत कुणीतरी तो काढतंच : पुरुषांचंही हेच होतं की. होतं. १९९५ साली टफ नावाच्या बुटांच्या जाहिरातीत मधू सप्रे आणि मिलिंद सोमण फक्त बूट घालून उभे होते, अंगाभोवती अजगर. दोघंही मराठी घरांतले, त्यामुळे आपल्याकडे गहजब जरा जास्तच झाला. खटला सुमारे चौदा वर्षं चालला आणि २००९ मध्ये सगळे सुटले. अजगराच्या वतीनेही वन्यजीव कायद्याखाली गुन्हा दाखल झाला होता. म्हणजे त्या चौकटीतल्या तिघांपैकी ज्याच्या संमतीचा प्रश्न कायद्याला पडला तो साप होता. बाकी दोघांच्या बाबतीत प्रश्न एकच : समाजाची नीती बिघडते का. बूट विकायला दोन उघडी शरीरं का लागावीत, हा माझ्या मते खरा प्रश्न. तो चौदा वर्षांत कुणाच्या आरोपपत्रात बसला नाही, आणि बसायलाही नको होता. तो वाचकाने, ग्राहकाने, जाहिरात करणाऱ्यानेच स्वतःला विचारायचा. पुरुषांबद्दल एवढंच म्हणेन की, सिक्स पॅक दाखवून उद्या मिलिंद सोमणांना रात्री लोकल पकडायची भीती वाटत नाही. तिच्याकडे बघण्याला पुढे जी शेपूट जोडलेली असते, ती त्याच्याकडे बघण्याला नसते. बाकी पुरुषाच्या शरीराचाही बाजार वाढतो आहे, आणि जिममध्ये पावडरी खाऊन बसलेली पोरं पाहिली की कीवच येते.

जाहिराती आणि छापील मजकुरासाठी आपल्याकडे १९८६ चा स्वतंत्र कायदा आहे, स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला मनाई करणारा. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड. त्याची व्याख्या बघण्यासारखी आहे. बाईच्या देहाचं असं चित्रण, जे असभ्य असेल, किंवा स्त्रियांना कमी लेखणारं असेल, किंवा सार्वजनिक नीतीला बाधा आणणारं असेल. हे दोन ‘किंवा’ पाहा. बाईला कमी लेखणं हा बाईवरचा अन्याय आहे. सार्वजनिक नीतीला बाधा हा, झालाच तर, बाकीच्यांवरचा अन्याय आहे, आणि त्याचं कारण ती बाई आहे. एकाच वाक्यात ती फिर्यादीही आहे आणि आरोपीही. हा गोंधळ कायद्याचा मसुदा लिहिणाऱ्यांचा नाही, आपल्या सगळ्यांच्या डोक्यातला आहे. त्यांनी तो इमानाने उतरवून घेतला.

माझं मत सांगायचं तर हा कायदा रद्द करावा. बाईला कमी लेखणं वाईटच, पण ते कुठे घडतं आणि कुठे नाही हे पोलीस ठाण्यात ठरवलं गेलं की पहिला बळी तिचाच जातो. रघुनाथ धोंडो कर्व्यांना अश्लीलतेच्या कायद्याने न्यायालयात खेचलं ते संततिनियमनाबद्दल आणि लैंगिक प्रश्नांबद्दल लिहिल्यामुळे, म्हणजे ज्याने बाईला तिच्या शरीरावर ताबा मिळाला असता त्यामुळे. १९३४ साली त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले, आणि खटला हरले. (कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’च्या मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र असे, हेही सांगून टाकतो. नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे, हे त्यांना ठसवायचं होतं, आणि ते बरोबरच होतं. पण दर वेळी बाईच का, पुरुष का नको, असं त्यांना कुणी विचारलं असतं तर त्या तर्ककठोर माणसाने काय उत्तर दिलं असतं, याची मला उत्सुकता आहे.)

याच्या उलट, बघणाऱ्याला पकडणारा एक कायदा आपल्याकडे आहे, आणि तो फार उशिरा आला. २०१३ मध्ये, दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर, भारतीय दंड संहितेत कलम ३५४-क आलं. आता भारतीय न्याय संहितेत ते कलम ७७ आहे. बाई खासगी कृतीत असताना पुरुषाने तिला चोरून बघणं, तिचं चित्रण करणं, ते पसरवणं, हा गुन्हा. त्यात एक स्पष्टीकरण जोडलं आहे, ते मला सगळ्या जुन्या अश्लीलता-कायद्यांपेक्षा मोलाचं वाटतं : चित्रणाला तिची संमती होती, पण ते दुसऱ्या कुणाला दाखवायला नव्हती, तर दाखवणं हाही गुन्हा. म्हणजे चित्र किती उघडं आहे याच्याशी कायद्याला कर्तव्य नाही. ते कुणाच्या इच्छेने कुठपर्यंत जायचं होतं, एवढंच तो विचारतो. बाईने स्वतःहून फोटो काढला, कमी कपड्यांत नाचली, पैसे घेऊन नाचली, तरी तिची इच्छा संपत नाही, हे मान्य करणारं हे आपल्याकडचं बहुधा पहिलं कलम असावं. ‘ती स्वतःच करते ना मग’ म्हणणाऱ्यांनी ते दोनदा वाचावं.

२०२३ च्या सुरुवातीला याची परीक्षाही झाली. महाराष्ट्रभर गर्दी खेचणाऱ्या एका नर्तकीच्या हावभावांवर त्याआधी काही महिने वाद चालू होता. लावणीच्या नावाखाली हे काय, अशी चर्चा वाहिन्यांवर, वर्तमानपत्रांत, जुन्या कलावंतांच्या मुलाखतींत. तिने माफीही मागितली होती. मग ती कपडे बदलत असताना कुणीतरी चोरून केलेलं चित्रण मोबाइलवरून पसरलं. गुन्हा दाखल झाला. पण बातम्या कशा आल्या ते पाहा. पुन्हा तिचंच नाव, तिचाच नाचतानाचा फोटो, मथळ्यात चित्रफितीचा उल्लेख असा की ती शोधायची इच्छा व्हावी. ज्याने कॅमेरा धरला तो ‘अज्ञात’, आणि पुढे पाठवणारे लाखो जण तर बातमीतही आले नाहीत. त्या आठवड्यात माझ्या ओळखीच्या दोन व्हॉट्सॲप गटांवर ती मागितली गेली. एक गट शाळेतल्या मित्रांचा आहे. त्यात दोन जण मुलींचे बाप आहेत. मी गटात काही लिहिलं नाही. एकाला वेगळा फोन केला, तो म्हणाला, अरे गंमत. आणि मग जरा वेळाने, सगळ्यांकडे आहे ती.

तिच्या कार्यक्रमांना पोलिसांनी परवानगी द्यावी का, यावर नंतर बरंच लिहिलं गेलं. बातमीच्या निमित्ताने मी जत्रांच्या, वाढदिवसांच्या, शर्यतींच्या कार्यक्रमांचे परवानगीचे अर्ज पाहिलेले आहेत. त्यात भोंग्याचा आवाज असतो, रात्री दहाची वेळ असते, गाड्या कुठे लावणार ते असतं, आणि अलीकडे काही ठिकाणी नाच ‘असभ्य’ होणार नाही अशी हमी नाचणारीकडून नव्हे तर आयोजकाकडून घेतात, ही त्यातल्या त्यात सुधारणा. बायका कपडे कुठे बदलणार, त्या खोलीला कडी आहे का, असा रकाना मला अजून कुठल्या अर्जात दिसलेला नाही.